मुलासाठी स्पीच थेरपिस्ट निवडताय? नोंदणी, भाषा, घरचा अभ्यास आणि मुंबईतले पर्याय

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, ‘बोरिवलीत कुणी चांगला स्पीच थेरपिस्ट सुचवेल का? मुलगा अडीच वर्षांचा आहे, अजून बोलत नाही.’ दहा मिनिटांत चार-पाच नंबर येतात. सोबत सल्लेही येतात. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘शाळेत टाका, आपोआप बोलेल’, ‘वेखंड उगाळून मधातून चाटवा’. यातला वेखंडाचा सल्ला महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचाच नसतो. त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. सल्ले बाजूला ठेवले तरी ते चार-पाच नंबर उरतातच. त्यातला कोणता लावायचा आणि समोरच्या माणसाला काय विचारायचं, हे कुणी सांगत नाही. ते समजून घेऊ.

आधी कान, मग थेरपिस्ट

बोलायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी झालीच पाहिजे. ही तपासणी न करता थेट सेशन सुरू करणारा थेरपिस्ट निवडू नका. नोंदणी, फी, अनुभव या सगळ्याच्या आधीचा हा निकष आहे.

‘त्याला ऐकू येतं हो, कुकरची शिट्टी झाली की वळतो’ असं घरचे सांगतात. मोठा आवाज ऐकू येणं आणि बोलण्यातली ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी मंद व्यंजनं नीट ऐकू येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. अशा मुलाला ऐकू येतं, पण पाण्याखालून ऐकल्यासारखं. जे शब्द त्याला स्पष्ट ऐकूच येत नाहीत, ते ते स्पष्ट बोलणार कसं?

लहान मुलांसाठी दोन तपासण्या नेहमी ऐकायला मिळतात. ओएई तपासणी काही मिनिटांत होते आणि कानाच्या आतल्या भागाचा प्रतिसाद मोजते. बेरा तपासणीत आवाजाला श्रवणनाडी आणि मेंदूकडून येणारा प्रतिसाद पाहतात. ती मूल झोपेत असताना करतात. त्यामुळे अपॉइंटमेंटच्या दिवशी त्याला उशिरापर्यंत जागं ठेवून न्यावं लागतं, आणि लोकलच्या डब्यात झोपू न देणं ही एक वेगळीच परीक्षा असते. थोड्या मोठ्या मुलांची तपासणी खेळातून करता येते, आवाज आला की डबीत मणी टाकायचा अशा पद्धतीनं.

वाट कधी पाहू नये

प्रत्येक मुलाची गती वेगळी असते हे खरं आहे. तरी काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर ‘अजून सहा महिने बघू’ म्हणणं योग्य नाही. वर्षाचं झालं तरी बाळ बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, नावानं हाक मारल्यावर वळत नाही. दीड वर्षाला एकही अर्थपूर्ण शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नाही. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं घरच्यांशिवाय कुणालाच कळत नाही. आणि येत असलेले शब्द अचानक गेले, तर वय काहीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

याउलट तीन वर्षांचं मूल ‘काका’ला ‘ताता’ किंवा ‘राम’ला ‘लाम’ म्हणत असेल, तर लगेच घाबरायचं कारण नाही. ‘र’, ‘ळ’, ‘श’ हे आवाज अनेक मुलांमध्ये पाच-सहा वर्षांपर्यंत हळूहळू पक्के होतात. दोन ते पाच या वयात अडखळत बोलणंही बऱ्याच मुलांमध्ये दिसतं आणि अनेकांचं ते आपोआप जातं. मात्र ते काही महिने टिकलं, वाढत गेलं, किंवा बोलताना मूल डोळे मिटतंय, मानेला झटका देतंय असं दिसलं, तर दाखवायला हवं.

‘जिभेची नस कापली की बोलेल’ हा समजही मुंबईत अजून भेटतो. जीभ खालून चिकटलेली असल्यास काही उच्चारांना अडचण येऊ शकते. पण जे मूल बोलतच नाही, ज्याला सांगितलेलं समजत नाही, त्याचं कारण सहसा जिभेखालच्या पडद्यात नसतं.

बोर्डावरच्या पदवीचा अर्थ काय?

भारतात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. त्यासाठी १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे. नोंदणी नसताना हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. हजार रुपयांच्या दंडाला कोण घाबरणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून तपासण्याचं काम पालकांवर येतं.

ते काम सोपं आहे. नोंदणी झालेल्या प्रत्येकाला एक सीआरआर क्रमांक मिळतो. तो विचारा आणि आरसीआयच्या वेबसाइटवर नाव किंवा क्रमांक टाकून पाहा. नोंदणी कायमची नसते. ठरावीक मुदतीनंतर तिचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी प्रशिक्षण कार्यक्रमांना हजेरी लावून गुण मिळवावे लागतात. त्यामुळे क्रमांक आहे की नाही एवढंच न बघता तो चालू आहे का, हेही बघा. क्रमांक विचारल्यावर समोरचा माणूस चिडला, तर तेही एक उत्तरच आहे.

पदव्यांचं कोडं असं सुटतं. बीएएसएलपी ही इंटर्नशिप धरून चार वर्षांची पदवी. एमएएसएलपी ही त्यापुढची दोन वर्षं. जुन्या थेरपिस्टच्या नावापुढे ‘बीएस्सी, स्पीच अँड हिअरिंग’ असं दिसेल. ती याच शाखेची आधीची पदवी आहे, कमी दर्जाची नाही. डीएचएलएस हा मात्र एक वर्षाचा डिप्लोमा आहे. तो केलेल्यांनी पदवीधरांच्या देखरेखीखाली सहायक म्हणून काम करणं अपेक्षित असतं. ती माणसंही उत्तम असू शकतात, पण मुलाचं मूल्यमापन त्यांनी एकट्यानं करू नये.

उपनगरांत खरा गोंधळ होतो तो ‘चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर’ अशा पाट्यांमुळे. एकाच गाळ्यात ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच, स्पेशल एज्युकेशन असं सगळं मिळतं. पालकांसाठी ते सोयीचं आहे. पण मूल्यमापन एकानं करायचं आणि रोजचं सेशन कुणीतरी नवख्यानं घ्यायचं, असं होत असेल तर ते आधी कळायला हवं. म्हणून विचारा, ‘माझ्या मुलाला दर आठवड्याला प्रत्यक्ष कोण शिकवणार? त्यांचा सीआरआर क्रमांक काय?’

पहिल्या भेटीत काय दिसायला हवं

चांगला थेरपिस्ट पहिल्या भेटीत बराच वेळ तुमच्याशी बोलतो. गरोदरपण, बाळंतपण, कावीळ, फिट, कानाचं दुखणं, घरात कोण कोण आहे, दिवसभर मूल कुणाकडे असतं, मोबाइल किती वेळ हातात असतो. (जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त नको. या प्रश्नाला घरोघरी खोटी उत्तरं दिली जातात. देऊ नका, थेरपिस्टला खरं कळणं मुलाच्या फायद्याचं आहे.)

त्यानंतर तो मुलाशी जमिनीवर बसून खेळतो. मूल किती शब्द बोलतं यापेक्षा त्याला किती समजतं, ते नजर देतं का, हवी ती वस्तू मागण्यासाठी काय करतं, खोटं खोटं खेळतं का, हे पाहतो. या भेटीनंतर तुमच्या हातात लेखी अहवाल यायला हवा. समज कोणत्या वयाच्या पातळीवर आहे, बोलणं कोणत्या, आणि पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय साधायचं.

‘बोलणं सुधारणं’ हे उद्दिष्ट नाही. ‘जेवताना आणि खेळताना हवी ती वस्तू स्वतःहून शब्दानं किंवा खुणेनं मागेल, दिवसातून किमान दहा वेळा’ हे उद्दिष्ट आहे. असं लिहिलेलं असलं की तीन महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाच मोजता येतं. थेरपिस्टला ‘कसं वाटतंय हो आता?’ असं विचारत बसावं लागत नाही.

गरज असेल तर थेरपिस्टनं तुम्हाला पुढेही पाठवलं पाहिजे. मूल नजर देत नसेल, एकच खेळ तासन् तास खेळत असेल, तर डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे, म्हणजे मुलांच्या विकासातल्या तज्ज्ञ बालरोगतज्ज्ञाकडे. ऑटिझमचं निदान एकट्या स्पीच थेरपिस्टनं पंधरा मिनिटांत करून टाकणं योग्य नाही. शंका लपवून ठेवत ‘होईल ठीक’ म्हणत सेशन चालू ठेवणं त्याहून वाईट.

थेरपी कोणत्या भाषेत?

मुंबईत हा प्रश्न सर्वात जास्त छळतो. घरात मराठी, खाली खेळायला गेलं की हिंदी, शाळेत इंग्रजी. ‘तीन भाषांनी मूल गोंधळलंय, घरी इंग्रजीच बोला’ असा सल्ला शाळेतून मिळतो, कधी थेरपिस्टकडूनही. तो चुकीचा आहे. एकापेक्षा जास्त भाषा कानावर पडल्यामुळे भाषाविकार होतो असं संशोधन सांगत नाही. ज्याला खरोखर अडचण आहे त्याला ती सगळ्याच भाषांत दिसते. आणि मराठी बंद केल्यावर काय होतं? जी आजी दिवसभर मुलाशी बोलायची, ती गप्प होते. आई-बाबा मोडक्यातोडक्या इंग्रजीत ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ एवढंच बोलू लागतात. भाषा शिकण्यासाठी मुलाला भरपूर आणि नैसर्गिक बोलणं ऐकायला लागतं, तेच नेमकं कमी होतं.

म्हणून मराठी येणारा थेरपिस्ट मिळाला तर उत्तम. त्याचं कारण अस्मितेचं नाही, उच्चारांचं आहे. मराठीत ‘च’ दोन प्रकारचा आहे, ‘चिमणी’तला वेगळा आणि ‘चमचा’तला वेगळा. हिंदीच्या कानाला ‘चाक’ हा शब्द ‘त्साक’ असा ऐकू येतो. ज्याला मराठी येत नाही, तो हे मुलाचे सदोष उच्चार म्हणून नोंदवू शकतो. ‘ळ’चं तसंच. दिवसभर आईचं बोलणं ऐकणारा लहान मुलगा ‘मी जाते’ म्हणतो, तेही मराठी घरात नेहमी दिसणारं आहे.

मराठी येणारा थेरपिस्ट मिळाला नाही तर? गुजराती, हिंदी किंवा मल्याळी भाषक थेरपिस्टकडेही चांगलं काम होऊ शकतं. अट एवढीच, की त्यानं तुम्हाला सेशनमध्ये बसवून घ्यावं, मराठी शब्द तुमच्याकडून घ्यावेत आणि घरी मराठीतच बोला असं सांगावं.

दार बंद असलेली थेरपी

‘पालक असले की मूल काम करत नाही, तुम्ही बाहेर थांबा.’ काही मुलांच्या बाबतीत सुरुवातीला हे खरं असतं. पण महिनोन् महिने दार बंदच राहत असेल, तर तिथे जाऊ नका. आठवड्यातून दोन वेळा ४५ मिनिटं म्हणजे दीड तास. उरलेले सगळे तास मूल तुमच्याजवळ असतं. ते तास कसे वापरायचे हे शिकवणं हे थेरपिस्टचं अर्धं काम आहे. लहान मुलांच्या अडखळण्यावर वापरली जाणारी लिडकोम्ब ही ऑस्ट्रेलियात विकसित झालेली पद्धत तर पालकांनीच घरी राबवायची असते. थेरपिस्ट त्यांना मार्गदर्शन करतो.

सुरक्षिततेचा मुद्दाही आहेच. जे मूल घरी येऊन काय झालं ते सांगू शकत नाही, त्याच्या खोलीला काच हवी, कॅमेरा हवा, किंवा तुम्हाला कधीही आत डोकावायची मुभा हवी. हे मागताना संकोच नको.

घरचा अभ्यास म्हणजे झेरॉक्स केलेली चित्रं आणि ‘बोल, ॲपल बोल’ असंही नाही. भाजी निवडताना, आंघोळ घालताना, रिक्षात बसल्यावर काय बोलायचं, प्रश्नांचा मारा कसा थांबवायचा, मुलाच्या उत्तरासाठी मनातल्या मनात पाचपर्यंत मोजून कसं थांबायचं, हे जो शिकवतो तो कामाचा. ऑनलाइन सेशनही याच कारणासाठी उपयोगी पडतात. लहान मूल स्क्रीनसमोर बसणार नाही, पण पालकांना शिकवण्यासाठी व्हिडिओ कॉल चांगला चालतो.

सावध करणारे दावे

‘तीन महिन्यांत बोलेल, गॅरंटी.’ कुणीही प्रामाणिक थेरपिस्ट हे म्हणत नाही. शिट्ट्या फुंकणं, फुगे, गालाला ब्रश लावणं यातच पूर्ण सेशन जात असेल तर कारण विचारा. बोलण्याशिवायच्या अशा तोंडाच्या व्यायामांनी उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांच्या जाहिराती मुंबईतही दिसतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच ऑटिझममध्ये स्टेम सेल उपचारांची शिफारस करत नसल्याचं स्पष्ट केलं आहे. ज्या केंद्रात तुम्हाला तिकडे पाठवलं जातं, ते केंद्र सोडा.

उलट, थेरपिस्टनं चित्रांचे कार्ड किंवा ॲप सुचवलं तर बिथरू नका. ‘मग तो बोलायचा आळस करेल’ ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते. चित्र दाखवून मागायला शिकलेल्या मुलांचं बोलणं त्यामुळे मागे पडतं असं आढळलेलं नाही. यातलं एक साधन आपल्या शेजारीच तयार झालंय. पवईत, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ‘जेलो’ नावाचं मोफत ॲप विकसित झालं. त्यात चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो, मराठीतही.

कुठे जायचं?

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून जाताना ज्यांच्या नावाची पाटी दिसते, तेच हे अली यावर जंग, महाराष्ट्राचे माजी राज्यपाल. १९८३ मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे. श्रवणतपासणी, मूल्यमापन आणि थेरपी एका छताखाली मिळते. जून २०२१ मध्ये तिथे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी लवकर हस्तक्षेप केंद्रही सुरू झालं. ज्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट लागतं, त्यांच्यासाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेचं काम हीच संस्था पाहते.

मुंबई सेंट्रलच्या महापालिकेच्या नायर रुग्णालयात ऑडिऑलॉजी आणि स्पीच थेरपीचं महाविद्यालय आहे. १९६० च्या दशकापासून इथे हे शिक्षण दिलं जातं आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या केंद्रांमध्ये त्याची गणना होते. अशा शिक्षणसंस्थांमध्ये बऱ्याचदा विद्यार्थी सेशन घेतात आणि वर शिक्षकांची देखरेख असते. काही पालक त्यामुळे नाराज होतात. मला वाटतं, देखरेखीखालचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी हा देखरेख नसलेल्या महागड्या केंद्रापेक्षा बरा. अडचण आहे ती प्रतीक्षा यादीची, आणि विद्यार्थी बदलत राहतात त्याची.

मुलाच्या एकूण विकासाबद्दल शंका असेल तर २००१ मध्ये स्थापन झालेलं ‘उम्मीद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर’ हे मुंबईतलं अनुभवी नाव आहे. तिथे वेगवेगळे तज्ज्ञ एकत्र काम करतात.

एक मधला मार्ग सुचवावासा वाटतो. तपासणी आणि सविस्तर मूल्यमापन वांद्र्याला किंवा नायरला करून घ्या, आणि तो अहवाल हातात घेऊन घराजवळचा नोंदणीकृत थेरपिस्ट शोधा. कारण थेरपी महिनोन् महिने चालते आणि मुंबईत अंतर हाच मोठा शत्रू आहे. मुलुंडहून आठवड्यातून दोनदा वांद्र्याला, तेही दुपारच्या झोपेच्या वेळी, हे तीन आठवडे जमतं. चौथ्या आठवड्यापासून सेशन बुडू लागतात. घाटकोपर ते अंधेरी मेट्रोमुळे, आणि अंधेरी ते दहिसर या २ए आणि ७ क्रमांकाच्या मार्गिकांमुळे उपनगरातल्या उपनगरात फिरणं सोपं झालंय. तरी घरातून निघून सेशनच्या खोलीत पोचायला पाऊण तासापेक्षा जास्त लागत असेल, तर मूल थकूनच आत जाईल. वेळ ठरवताना त्याची झोप आणि भूक आधी बघा, तुमच्या ऑफिसची शिफ्ट नंतर.

पैसे आणि कागद

फी विचारताना सेशन किती मिनिटांचं हेही विचारा. समजा एकीकडे ३० मिनिटांचे ८०० रुपये आहेत आणि दुसरीकडे ४५ मिनिटांचे १,०००. तासाचा हिशोब केला तर पहिलं १,६०० रुपयांना पडतं आणि दुसरं साधारण १,३३३ रुपयांना. तीन किंवा सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ भरू नका. बुडालेल्या सेशनचं काय, हे पहिल्याच दिवशी लेखी घ्या.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाचाही समावेश आहे. बोलायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र लागत नाही. पण ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्वाचं निदान झालं असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं विमासंरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात येतो. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचं प्रमाणपत्र असेल, तर जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळते. ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची. पावत्या जपून ठेवा आणि त्यावर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक असल्याची खात्री करा.

थेरपिस्ट बदलावा का?

दर आठवड्याला बदल दिसणार नाही. काही मुलं दोन महिने काहीच बोलत नाहीत, फक्त जास्त समजू लागतात, आणि हीदेखील प्रगतीच असते. मात्र तीन महिन्यांनी लेखी उद्दिष्टांपैकी एकही जवळ आलेलं नसेल, तर थेरपिस्टशी बसून बोला. चांगला थेरपिस्ट पद्धत बदलेल, पुन्हा मूल्यमापन करेल, किंवा स्वतःच दुसरं नाव सुचवेल. ‘तुम्ही घरी काही करत नाही’ एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरीकडे जायची वेळ झाली.

जाताना मूल्यमापन अहवाल, उद्दिष्टांचे कागद आणि प्रगतीच्या नोंदींच्या प्रती मागून घ्या. नव्या ठिकाणी शून्यापासून सुरुवात झाली, तर पहिले काही आठवडे फक्त ओळख होण्यातच जातात. शक्य असेल तर शेवटच्या सेशनचा दोन मिनिटांचा व्हिडिओही घ्या. नव्या थेरपिस्टला त्यातून जे कळेल, ते चार पानी अहवालातूनही कळणार नाही.